पणजीचं नाव कुठं लिहिलंय?

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न. तुमच्या पणजोबांचं नाव काय?

आलं? शाब्बास! आता दुसरा प्रश्न. तुमच्या पणजीचं नाव काय? आणि तिचं माहेर कुठलं?

झाली ना पंचाईत! वाईट वाटून घेऊ नका. हाच प्रश्न आई-बाबांना विचारून बघा. बहुतेक घरांत तेही एकमेकांकडे बघू लागतील. जरा हिशेब करा. आई-वडील दोन. दोन्हीकडचे आजी-आजोबा चार. पणजी-पणजोबा आठ. त्याच्या मागच्या पिढीत गेलात की सोळा माणसं. या सोळांपैकी एक जरी माणूस नसतं, तर आज हे पान वाचायला तुम्ही नसता. आणि त्यांच्यापैकी आपल्याला नावं ठाऊक किती जणांची? एका हाताची बोटं पुरतात.

मग ही नावं शोधायची कुठं? आणि शोधून उपयोग काय? चला, आज तेच बघू. पण त्यासाठी आधी एक चक्कर सातासमुद्रापार मारून यावी लागेल.

अमेरिकेतले शोधकरी

अमेरिकेत पूर्वजांचा शोध घेणं हा लाखो लोकांचा आवडता छंद आहे. आपण तिकिटं जमवतो ना, तशी ती माणसं खापरपणजोबा जमवतात म्हणा ना! कारण उघड आहे. तिथल्या बहुतेकांचे पूर्वज दुसऱ्या कुठल्या तरी देशातून आलेले. न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंड नावाचं बेट आहे. १८९२ ते १९५४ या काळात सुमारे सव्वा कोट माणसं या बेटावरून अमेरिकेत शिरली. प्रत्येक जहाजाबरोबर प्रवाशांची यादी असायची. नाव, वय, गाव, धंदा, सगळं त्यात लिहिलेलं. आज त्यांची पणतवंडं त्याच याद्या चाळत बसतात.

दुसरं साधन म्हणजे जनगणना. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते. आधी फक्त घरातल्या कर्त्याचं नाव लिहीत. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहू लागले. हे कागद ७२ वर्षं कुलुपात राहतात आणि मग सगळ्यांना बघायला मिळतात. १९५० सालचे कागद १ एप्रिल २०२२ रोजी खुले झाले, तेव्हा कित्येक आजी-आजोबांनी त्यात स्वतःचं लहानपणीचं नाव शोधून काढलं! पण १८९०चे कागद मात्र शोधू नका हं. १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये आग लागली आणि त्यातले बहुतेक सगळे कागद कामातून गेले. एक आग, आणि कोट्यवधी माणसांचा माग पुसला गेला.

आता नीट लक्ष द्या. वर मी ‘प्रत्येक स्वतंत्र माणसाचं’ असं म्हटलं. म्हणजे काय? तर अमेरिकेत तेव्हा गुलामगिरी होती. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची आणि त्यांच्या मुलाबाळांची खरेदी-विक्री व्हायची. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत या माणसांच्या याद्या वेगळ्या केल्या. त्यात मालकाचं नाव असे आणि खाली नुसतं वय, स्त्री की पुरुष आणि रंग. नाव जवळजवळ नाहीच! गाई-बैलांची नोंद करावी तशी माणसांची नोंद. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली आणि १८७०च्या जनगणनेत ही माणसं पहिल्यांदा आपापल्या नावानं लिहिली गेली. म्हणून आज कृष्णवर्णीय अमेरिकन माणूस आपले पूर्वज शोधत मागं मागं गेला, की १८७० साली एखाद्या भिंतीवर आपटल्यासारखा थांबतो.

पण भिंत म्हटली की फट शोधणारे असतातच. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या माणसांना मदत करायला ‘फ्रीडमन्स ब्युरो’ नावाचं सरकारी खातं निघालं होतं. त्याच्या कागदांत लाखो नावं होती, पण ती शोधायला सूची नव्हती. मग हजारो स्वयंसेवकांनी, त्यात शाळा-कॉलेजातली मुलंही आली, घरी बसून एकेक नाव वाचून सूची तयार केली. २०१५ साली सुरू झालेलं हे काम वर्षभरात, २०१६ मध्ये, पुरं झालं.

अ‍ॅलेक्स हेली या लेखकानं आजीच्या तोंडून पूर्वजांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. त्यावरून त्यानं ‘रूट्स’ हे पुस्तक लिहिलं. १९७६ साली ते निघालं आणि अमेरिकाभर आपली मुळं शोधायची लाटच आली. पुढं अभ्यासकांनी कागद तपासले, तेव्हा त्यातल्या काही गोष्टी जुळत नाहीत असंही दिसलं. म्हणजे काय, आजीची गोष्ट हवीच, पण तिला कागदाची जोडही हवी.

त्र्यंबकच्या वह्या

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी नावाचं शहर आहे. तिथं १८९४ साली स्थापन झालेल्या वंशावळ संस्थेनं जगभरचे जुने कागद फिल्मवर उतरवले आणि डोंगराच्या पोटात खोदलेल्या कोठारात ठेवले. आणि गंमत अशी, की ही मंडळी १९७०च्या दशकात आपल्याकडेही आली होती. कशासाठी? तर हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्यांचे फोटो काढायला!

या वह्या आपल्या त्र्यंबकेश्वरीही आहेत. तिथले तीर्थोपाध्याय पिढ्यान् पिढ्या ‘नामावळी’ लिहीत आले आहेत. कुणी यात्रेकरू आला की उपाध्याय विचारतात, “गाव कोणतं? आडनाव काय?” मग नेमकी वही काढतात. त्यात तुमचे आजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, मुलांची नावं काय, हे लिहिलेलं सापडतं. कधी कधी खाली पणजोबांची सहीसुद्धा असते. जुनी पानं मोडी लिपीत असतात. आपणही गेलो की आपली नावं लिहून, सही करून यायचं. म्हणजे पुढं आपली नातवंडं येतील, तेव्हा त्यांना आपण सापडू.

किती छान सोय, नाही का? पण थांबा. या वहीत नाव येतं कुणाचं? जो यात्रेला आला आणि ज्यानं उपाध्यायांकडे विधी केला, त्याचं. मग ज्या घरांत तशी रीतच नव्हती, त्यांचं काय?

आता चला हरसूलला

त्र्यंबकेश्वरच्या पलीकडे, डोंगरदऱ्या ओलांडत गुजरातच्या सीमेकडे निघालं, की हरसूल लागतं. आठवडे बाजाराचं गाव. आजूबाजूला पाडे. वस्ती मुख्यतः आदिवासी. कोकणा, महादेव कोळी, वारली अशा जमातींची. इथल्या घरांनी आपले देव डोंगरावर, शेतात, गावाच्या वेशीवर मांडले. मग त्यांची नावं कुणाच्या वहीत असणार?

समजा, हरसूलजवळच्या एका पाड्यावर एक मुलगी आहे. दहावीला चांगले मार्क पडलेत. तिला नर्सिंगला किंवा इंजिनिअरिंगला जायचंय. आदिवासी म्हणून राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा, तर जातीचा दाखला आणि वर वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी सरकार विचारतं, “६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा तुमच्या घराण्याचा पुरावा दाखवा.” का बरं ही तारीख? कारण त्याच दिवशी अनुसूचित जमातींची पहिली यादी निघाली. पुराव्याबरोबर वंशावळही लिहून द्यायची असते. म्हणजे आपला पूर्वजांचा शोध! अमेरिकेत जो छंद आहे, तो इथं या मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा प्रश्न आहे.

मग ती शोध कसा घेईल? पायरीपायरीनं.

पहिली पायरी, बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर शाळेच्या जनरल रजिस्टरचा नंबर असतो. हे रजिस्टर शाळेला कायम जपून ठेवावं लागतं. त्यात आजोबांचं नाव मिळेल. आजोबा शाळेत गेले असतील, तर त्यांच्या नावापुढं पणजोबांचं. जन्मतारीख ‘१ जून’ दिसली तर हसू नका! त्या काळी पुष्कळ घरांत तारीख कुणी लिहून ठेवत नसे आणि शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. मग गुरुजी मुलाकडं बघून अंदाजानं वर्ष ठरवायचे आणि १ जून लिहून टाकायचे. म्हणून महाराष्ट्रात १ जूनला इतक्या आजोबांचे वाढदिवस एकदम येतात.

दुसरी पायरी, गाव नमुना १४. याला गावाकडं ‘कोतवाल बुक’ म्हणतात. गावातले जन्म-मृत्यू यात लिहीत. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच, कारण बारसं अजून व्हायचं असे!

तिसरी पायरी, जमिनीचे कागद. सातबारा तुम्हाला ठाऊक आहे. पण पूर्वज शोधायचे तर ‘फेरफार’ बघा. घरातला कर्ता माणूस वारला, की वारसांची नोंद फेरफारात होते. मयत कोण, मुलगे कोण, मुली कोण, विधवा कोण, सगळं एका नोंदीत. एका फेरफारात दोन पिढ्या सापडतात. चार फेरफार मिळाले तर घराण्याचा झाडच उभा राहतो!

आता यात तीन खाचखळगे आहेत. पहिला, तालुका. हरसूल आज त्र्यंबकेश्वर तालुक्यात आहे. पण हा तालुका झाला १९९९ साली. त्याआधी हरसूल पेठ तालुक्यात होतं. म्हणून जुना कागद त्र्यंबकच्या कचेरीत नाही मिळाला, तर ‘नाही’ म्हणून परत फिरू नका, पेठलाही विचारा. दुसरा, लिपी. जुनी नोंद मोडीत असली, तर जाणकाराकडून वाचून घ्यावी लागते. मोडी वाचणारे आता थोडे उरलेत. तुमच्यापैकी कुणी मोडी शिकलं, तर गावाला त्याचा फार उपयोग होईल बरं का! तिसरा खळगा सगळ्यात वाईट. लिहिणाऱ्यानं काय लिहिलं? ‘महादेव कोळी’ असं पुरतं न लिहिता नुसतं ‘कोळी’ लिहिलं, ‘कोकणा’चं भलतंच काही केलं, आडनावच गाळलं. कारकुनाच्या लेखणीचा एक फटका, आणि सत्तर वर्षांनी पणतीनं हेलपाटे घालायचे.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडेही जनगणना होतेच की. १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी झाली. तीच का बघू नये? पण आपल्या कायद्याप्रमाणं जनगणनेत घरोघरची जी माहिती भरतात, ती कुणालाच बघायला मिळत नाही. अमेरिकेसारखी ७२ वर्षांनी उघडणारी खिडकी इथं नाही. म्हणून शाळेचं रजिस्टर आणि कोतवाल बुक यांची किंमत आपल्याकडं फार मोठी.

कागद नसेल तर?

आजोबा शाळेत गेलेच नाहीत. जमीन नावावर नव्हती, कारण कसत होते ती जंगलखात्याची. मग या माणसाचा पुरावा काय? १८७०च्या भिंतीसारखीच ही भिंत.

तिलाही एक फट आहे. २००६ साली वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासींना तिच्यावर हक्क मागता येतो. त्या कायद्याच्या नियमांत पुरावा कशाला म्हणायचं, याची यादी आहे. त्यात सरकारी कागद तर आहेतच. पण जुनी विहीर, शेताचे बांध, दफनभूमी, देवस्थान, हेही पुरावे आहेत! घराण्याची वंशावळही आहे. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे गावातल्या वयस्कर माणसाची साक्ष, लिहून घेतलेली. दावा करणाऱ्यानं स्वतःच साक्ष देऊन चालत नाही, दुसऱ्या कुणी तरी सांगावं लागतं, “होय, याचा आजा इथंच नांगर धरायचा.” हा दावा आधी गावाच्या ग्रामसभेपुढं जातो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी पायी चालत गेले, त्यांच्या मागण्यांत या वनजमिनीची मागणी पुढं होती.

म्हणजे बघा, आजीच्या आठवणीला कायद्यानंही किंमत दिली आहे. पण आजी सांगेल तेव्हा ती कुणी तरी लिहून घेतली पाहिजे. आजी गेली की ती वही कायमची मिटते.

गावात आणखीही न लिहिलेल्या वह्या असतात. या भागात बोहाड्याचा उत्सव होतो. मोठमोठे मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवतात. बऱ्याच गावांत कुठलं सोंग कुठल्या घराण्यानं घ्यायचं, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. “हा मान तुमच्याकडं कधीपासून?” एवढं एका मानकऱ्याला विचारा. बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव सांगत तो तुम्हाला मागं मागं घेऊन जाईल.

पुस्तकात हरसूल

नुसतं घराणंच नाही, गावही जुन्या कागदांत सापडतं. इंग्रजांनी १८८३ साली नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. त्यात १८५७च्या उठावाचं वर्णन आहे. त्या डिसेंबरात त्र्यंबकचा खजिना लुटायचा प्रयत्न झाला, पेठ संस्थानात उठाव झाला आणि हरसूलचा बाजार लुटला गेला. पेठच्या राजघराण्यातले भगवंतराव यांना इंग्रजांनी फाशी दिली. राजाचं नाव पुस्तकात आहे. इंग्रज अधिकाऱ्यांचीही आहेत. पण डोंगरातून उतरलेल्या त्या शेकडो माणसांपैकी बहुतेकांची नावं नाहीत. नुसतं ‘कोळी’, ‘भिल्ल’, ‘ठाकूर’. आणि लिहिणारा इंग्रज, म्हणून ती सगळी बंडखोर आणि लुटारू! म्हणून जुना कागद वाचताना नेहमी विचारायचं: हे कुणी लिहिलं? कशासाठी लिहिलं? आणि यात कुणाचं नाव नाही?

आता मघाच्या प्रश्नाकडं या. पणजीचं नाव. शाळेच्या रजिस्टरात बापाचं नाव, कोतवाल बुकात बापाचं नाव. फेरफारात पणजी आली तर ‘विधवा’ म्हणून, नवरा गेल्यावर! तिच्या माहेरचं नाव बहुधा कुठंच नाही. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं, असं महाराष्ट्र सरकारनं ठरवलं. चांगलं झालं. पण पणजीसाठी ते येणार नाही. तिच्यासाठी तुम्हालाच लिहावं लागेल.

मग लागा कामाला!

१. एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर स्वतःचं नाव, मग आई-बाबा, मग चार आजी-आजोबा. ठाऊक नसेल तिथं जागा मोकळी सोडा, अंदाजानं भरू नका.

२. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा. “तुमचं लहानपण सांगा” म्हणू नका, ते सांगतील “काय सांगू बाबा!” त्यापेक्षा विचारा, “तुमच्या लग्नाला कोण कोण आलं होतं?” नावं आपोआप निघतील.

३. प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, गाव आणि तिच्या आईचं नाव विचारा. हे विसरायचं नाही.

४. प्रत्येक नावापुढं लिहा, की हे कुणी सांगितलं किंवा कुठल्या कागदात पाहिलं, आणि तारीख.

५. एका गोष्टीला दोन पुरावे शोधा. दोन्ही जुळले नाहीत, तर दोन्ही लिहून ठेवा.

६. मूळ कागद कुणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या.

आणि आई-बाबांसाठी दोन शब्द. शाळा किंवा तहसील कचेरीतून जुन्या नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल मागता येते. अनेक जिल्ह्यांतले जुने कागद आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही बघायला मिळतात. मूल बारावीत गेल्यावर, प्रवेशाच्या ऐन धांदलीत हे शोधायला निघू नका. आत्ताच निघा. जुनी रजिस्टरं वाळवीच्या, पावसाच्या तोंडी असतात, त्यांना आपल्या सवडीची पर्वा नसते.

तर दोस्तांनो, येत्या रविवारी तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर आठ पणजी-पणजोबांसाठी आठ रेघा आखा. बघू, किती भरतात ते. चार भरल्या तरी पाठ थोपटून घ्या. आणि उरलेल्या चार रेघा तशाच राहू द्या. कुणी ना कुणी आत्या, मावशी, चुलत आजोबा येतील, वही बघतील आणि म्हणतील, “अरे, हिचं नाव मला ठाऊक आहे!”

भेटू पुढच्या अंकात!